पावसाळ्यात सायकलला टायर कोणता?

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की पुण्या-मुंबईतील सायकलच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते : ‘‘पावसात घसरणार नाही असा, चांगल्या खोल नक्षीचा टायर द्या.’’ दुकानदारही फारसा वाद न घालता भिंतीवरचा जाड खाचांचा टायर काढून देतो आणि गिऱ्हाईक निश्चिंत मनाने घरी जाते. मोटारीचा किंवा स्कूटरचा टायर झिजून गुळगुळीत झाला की तो पावसात धोक्याचा ठरतो, हे प्रत्येकाला ठाऊक असते. तोच न्याय सायकललाही लागू होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या सायकलच्या बाबतीत हा समज बव्हंशी चुकीचा आहे. ओल्या रस्त्यावरची सायकलची पकड टायरवरील नक्षीवर नव्हे, तर रबराच्या प्रतीवर, टायरच्या रुंदीवर आणि आत भरलेल्या हवेच्या दाबावर अवलंबून असते. नक्षीसाठी पैसे मोजून या तीन गोष्टींकडे दुर्लक्ष करणाऱ्याला त्याची किंमत गुडघ्याच्या किंवा गळपट्टीच्या हाडाने चुकवावी लागते. मागून बस येत असेल, तर त्याहूनही जबर किंमत द्यावी लागते.

हा प्रश्न आजच महत्त्वाचा का झाला, तेही पाहिले पाहिजे. पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या काळची काळी, दणकट सायकल जाड टायरवर धावत असे आणि तिचा वेगही बेताचाच असे. अलीकडच्या काळात शहरात परतलेली सायकल निराळी आहे. वाकलेल्या हँडलची, वजनाने हलकी अशी ‘रोड बाइक’ अनेकांनी रविवारच्या फेरीसाठी घेतली आणि पुढे तीच घेऊन ते हिंजवडीला, खराडीला किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेरीत जाऊ लागले. या सायकलचा मूळ आराखडा शर्यतीसाठी बेतलेला. जुन्या धाटणीच्या सायकलींना टायर अवघे २३ किंवा २५ मिलिमीटर रुंदीचे आणि त्यांत हवा शंभर-एकशेदहा पीएसआय भरण्याची प्रथा. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही प्रामुख्याने चार महिन्यांत. त्या पावसात, खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटचे सांधे यांवरून रोज वीस-तीस किलोमीटर जायचे असेल, तर शर्यतीचा टायर त्या कामाचा नव्हे.

नक्षीचा गैरसमज

मोटारीच्या टायरला खाचा का लागतात, हे समजून घेतले की सायकलला त्या का लागत नाहीत, याचा आपोआप उलगडा होतो. पाणी साचलेल्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते. ते पाणी बाजूला सरण्याआधीच टायर त्यावर चढला, तर रबर आणि रस्ता यांचा संबंध तुटतो आणि गाडी पाण्यावर तरंगत जाते. विमानांच्या बाबतीत धावपट्टीवर होणाऱ्या या प्रकाराचा अभ्यास अमेरिकेच्या ‘नासा’ने १९६० च्या दशकात केला. हे तरंगणे कोणत्या वेगाला सुरू होईल, ते मुख्यत्वे टायरमधील हवेच्या दाबावर ठरते, असे त्यात आढळले. त्या अभ्यासातून आलेले सूत्र साधे आहे. पीएसआयमधील दाबाचे वर्गमूळ काढून त्याला ढोबळमानाने १६.६ ने गुणले, की ताशी किलोमीटरमध्ये तो वेग मिळतो. मोटारीच्या टायरमध्ये तीस पीएसआय हवा असेल, तर हा वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणजे द्रुतगती मार्गावर मोटारीला खाचांची नितांत गरज आहे. सायकलच्या टायरमध्ये ऐंशी पीएसआय हवा असेल, तर तोच वेग ताशी १४८ किलोमीटर निघतो. साठ पीएसआय धरले, तरी तो ताशी १२५ किलोमीटरच्या वरच राहतो. सिंहगडाच्या उतारावर ब्रेक न लावता सुटलेला सायकलस्वारही तिथवर पोहोचणार नाही!

शिवाय मोटारीचा टायर रस्त्याला टेकतो तो रुंद आणि सपाट. सायकलचा टायर गोलसर असून त्याचा टेकणारा भाग लांबट आणि अरुंद असतो. होडीची नाळ पाणी कापते, तसा तो पाणी दोन्ही बाजूंना सारत पुढे जातो. पाण्याला वाट काढून देण्यासाठी त्याला वेगळ्या चरांची गरज उरत नाही.

उलट खाचांमुळे काही तोटेच होतात. खाच जितकी मोठी, तितके रस्त्याला टेकणारे रबर कमी. डोंगरात चालवायच्या सायकलींना असतात तसे उंच गाठींचे टायर डांबरावर वळण घेताना आणखी दगा देतात, कारण वजन एका बाजूला पडले की त्या गाठी मुळापासून वाकतात. सायकलतंत्रावर विपुल आणि सुबोध लेखन करणारे मॅसॅच्युसेट्समधील तंत्रज्ञ शेल्डन ब्राऊन हे २००८ मध्ये निधन होईपर्यंत हीच गोष्ट ग्राहकांना समजावत राहिले होते. तरीही बाजारातल्या बहुतेक टायरवर थोडीफार नक्षी आढळते. याचे एक कारण उघड आहे. साफ गुळगुळीत टायर पाहिला की ग्राहकाचा त्यावर विश्वास बसत नाही. अर्थात, बारीक रेघांची उथळ नक्षी निरुपद्रवी असते आणि तिच्यापायी चांगला टायर नाकारण्याचे कारण नाही. नक्षीचा खरा उपयोग होतो तो चिखलात आणि सैल मातीत. कचेरीच्या वाटेवर अर्धा-पाऊण किलोमीटर कच्चा रस्ता लागत असेल, तर मध्ये गुळगुळीत आणि कडांना किंचित खरबरीत असा टायर घेणे शहाणपणाचे.

रबर रस्त्याला धरते कसे?

सायकल पाण्यावर तरंगत नसेल, तर ती घसरते तरी का? रबराची पकड दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात रबर आणि रस्ता यांचे पृष्ठभाग एकमेकांना अक्षरशः चिकटतात. दुसऱ्या प्रकारात मऊ रबर खडीच्या उंचसखल टोकांभोवती दबते आणि त्यांच्यावरून सरकताना त्याच्या आकारात होणाऱ्या बदलात ऊर्जा खर्ची पडते. हा विरोधही घर्षणाचेच काम करतो. पाण्याचा पातळ थर मध्ये आला, की पहिल्या प्रकारची पकड बरीचशी नाहीशी होते आणि भिस्त उरते ती दुसऱ्या प्रकारावर. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : रस्ता खरखरीत हवा आणि रबर त्या खरखरीतपणाशी जुळवून घेण्याइतके मऊ हवे.

पावसात डांबरावर व्यवस्थित चाललेली सायकल पांढऱ्या पट्ट्यावर चढताच का निसटते, याचे उत्तर येथे मिळते. झेब्रा क्रॉसिंगचे आणि गतिरोधकांचे जाड रंगाचे थर, भूमिगत गटारांची लोखंडी झाकणे, खोदकामावर टाकलेल्या पोलादी पत्र्या, झिजून तुळतुळीत झालेले पेव्हर ब्लॉक या जागी रबराने धरावे असे काही नसतेच. तिथे महागातला महाग टायरही फारशी मदत करू शकत नाही. पहिल्या पावसाची गोष्ट आणखी वेगळी. उन्हाळाभर साचलेले तेल, धूळ आणि झिजलेल्या टायरची पूड पहिल्या सरींत भिजून तिचा निसरडा लेप होतो आणि जोरदार पाऊस होऊन रस्ता धुऊन निघेपर्यंत तो तसाच राहतो. त्यात वर्षावृक्षाच्या चिकट शेंगा आणि जांभळांचा सडा पडलेला असेल, तर बघायलाच नको.

टायर निवडताना म्हणूनच पहिला प्रश्न रबराचा असला पाहिजे. रबरात मिसळल्या जाणाऱ्या घटकांवर त्याचा मऊपणा, टिकाऊपणा आणि ओल्यातली पकड ठरते. पूर्वी त्यासाठी प्रामुख्याने काजळीसारखी कार्बनची पूड वापरली जात असे. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९९२ मध्ये मोटारींच्या टायरमध्ये सिलिकाचा वापर बाजारात आणला आणि ओल्या रस्त्यावरची पकड राखूनही टायर हलका फिरू शकतो, हे सिद्ध झाले. आज चांगल्या प्रतीच्या सायकल टायरमध्येही सिलिकायुक्त मिश्रणे सर्रास वापरली जातात. याउलट नव्या सायकलला मुळात येणारे स्वस्त टायर बहुधा कडक रबराचे असतात. ते लवकर झिजत नाहीत आणि ओल्या रस्त्याला धरतही नाहीत. काही कंपन्या मध्यभागी कडक आणि कडांना मऊ असे दुहेरी रबर देतात. सरळ जाताना झीज कमी होते आणि वळताना पकड मिळते. रोजच्या वापरासाठी ही तडजोड चांगली आहे.

दुकानात रबराची परीक्षा करण्याचा खात्रीचा उपाय नाही. मात्र दोन टायरांवर अंगठ्याचे नख रोवून पाहिले तर फरक पुष्कळदा कळतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘कधीच पंक्चर होत नाही’ आणि ‘दहा हजार किलोमीटर चालतो’ अशी ख्याती असलेले काही टायर नेमके कडक रबरामुळे टिकतात आणि ओल्यात घसरतात. टिकाऊपणाची स्तुती करणाऱ्याने तो टायर कोरड्या दिवसांत चालवला की भर पावसात, हे विचारलेले बरे. तसेच युरोपातून येणाऱ्या टायरवर ‘विंटर’ असे लिहिलेले असेल, तर त्याला भुलू नये. गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडीत मऊ राहणारे रबर किंवा बर्फावर रुतणारे खिळे यांचा आपल्याकडच्या वीस-पंचवीस अंशांच्या पावसाळ्यात उपयोग नाही.

रुंदी आणि हवा

बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी व्हावेत, म्हणून त्यांनी ही खटपट केली होती. धक्के गिळण्यासाठी जन्मलेल्या या वस्तूत नंतरच्या शंभर वर्षांत लोकांनी इतकी हवा ठासली, की ती पुन्हा लाकडासारखी टणक झाली. अरुंद टायर आणि भरपूर हवा म्हणजे वेग, ही समजूत सायकलस्वारांत इतकी खोल रुजली होती, की तिला धक्का द्यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेतील ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकाने २००६ च्या सुमारास प्रत्यक्ष रस्त्यावर चाचण्या घेतल्या. त्यांत मध्यम दाबाचे रुंद टायर अरुंद टायरांपेक्षा मंद नसल्याचे आढळले. तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. आज मात्र जागतिक शर्यतींतले व्यावसायिक सायकलपटूही २३ मिलिमीटर सोडून २८ ते ३० मिलिमीटरचे टायर वापरताना दिसतात. मग बॅगेत डबा आणि संगणक घेऊन कामावर जाणाऱ्याने अरुंद टायरचा हट्ट धरावा कशाला?

हवा कमी केल्याने काय घडते, हे साध्या हिशेबाने कळते. सत्तर किलो वजनाचा सायकलस्वार, सायकल आणि बॅग मिळून ८५ किलो वजन धरले, तर त्यातले सुमारे ४७ किलो मागच्या चाकावर येते. शंभर पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास सात किलो. याचा अर्थ मागचा टायर रस्त्याला पावणेसात चौरस सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या टपाल तिकिटाएवढा टेकतो. तोच दाब साठवर आणला, की हे क्षेत्र अकरा चौरस सेंटिमीटरच्या घरात जाते. क्षेत्र दीडपटीहून अधिक झाले म्हणून पकडही तेवढीच वाढते, असे समजायचे कारण नाही. घर्षणाचा हिशेब इतका सरळ नसतो. खरा लाभ आणखी एका गोष्टीत आहे. कडक टायर प्रत्येक उंचवट्यावर क्षणभर उसळतो आणि जितका वेळ तो हवेत असतो, तितका वेळ पकड शून्य असते. वळणावर, ओल्या रस्त्यावर ती एक उसळी पुरेशी होते. मऊ टायर मात्र उंचवटा आत घेतो आणि जमीन सोडत नाही.

हवा किती भरावी? टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, शिफारशीचा नव्हे. अनेक जण नेमके तोच आकडा गाठेपर्यंत पंप मारत राहतात. सायकलतंत्रावर लिहिणारे अमेरिकी लेखक फ्रँक बर्टो यांनी त्यासाठी एक निकष मांडला : सायकलवर बसल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्क्यांनी दबली पाहिजे. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये हे दबणे चार मिलिमीटरच्या आसपास येते. वर सांगितलेल्या ८५ किलो वजनाला हा निकष लावला, तर २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढे साधारण ६५ आणि मागे ८० पीएसआय हवा पुरते. ३२ मिलिमीटरच्या टायरला पुढे ५० आणि मागे ६५ पुरे. पावसात यातून आणखी पाच पीएसआय कमी करायला हरकत नाही. पुढच्या चाकावर वजन कमी येत असल्याने तिथे हवाही कमीच लागते. दोन्ही चाकांत सारखी हवा भरण्याची सवय सोडली, तर पुढच्या चाकाची पकड पैसा न खर्चता सुधारते.

हवा कमी करण्यालाही मर्यादा आहे. टायर फारच मऊ असेल, तर खड्ड्याच्या कडेवर आदळताच ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि सापाच्या दंशासारखी दोन छिद्रे शेजारी-शेजारी पडतात. पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली लपलेले असल्याने हा धोका वाढतो. अरुंद टायरचा खरा दोष येथे उघड होतो. त्यात पकडीसाठी हवा कमी करावी, तर ट्यूब चिमटते. ट्यूब वाचवण्यासाठी वाढवावी, तर चाक उसळते. रुंद टायरमध्ये ही कोंडी बरीच सैल होते. दाब अंगठ्याने दाबून अजमावण्यात अर्थ नाही, कारण साठ आणि नव्वद दोन्ही बोटाला सारखेच टणक लागतात. मापक असलेला पायपंप घरी असावा आणि निदान आठवड्यातून एकदा हवा तपासावी. या सायकलींच्या ट्यूबला बहुधा प्रेस्टा जातीचा बारीक व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल पंपावरची नळी त्याला थेट बसत नाही. त्यासाठी पितळी अ‍ॅडॅप्टर मिळतो. तो खिशात मावतो आणि स्वस्तही असतो.

सायकलमध्ये बसेल का?

रुंद टायर चांगला म्हणून कोणताही आणून लावता येत नाही. विकत घेण्याआधी जुन्या टायरच्या कडेवरचे आकडे वाचावेत. ‘२५-६२२’ असे लिहिले असेल, तर २५ ही मिलिमीटरमधील रुंदी आणि ६२२ हा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. दुकानात यालाच ‘७०० सी’ म्हणतात. ६२२ हा आकडा जुळलाच पाहिजे. बहुतेक हायब्रिड सायकलींचा आणि ‘२९ इंची’ म्हणवणाऱ्या सायकलींचा व्यासही तोच असतो. जुन्या काळ्या सायकलीचा २८ गुणिले दीड इंचांचा टायर मात्र ६३५ मिलिमीटरचा. तो दिसायला सारखा असला, तरी या रिमवर बसत नाही.

रुंदी वाढवताना चाकाभोवतीची जागा मोजावी लागते. रिमला दाबणारे ब्रेक असलेल्या जुन्या रोड बाइकमध्ये ब्रेकच्या कमानीखालून बहुधा २५, फार तर २८ मिलिमीटरचा टायर जातो. डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलींत ३०-३२ मिलिमीटरला, काहींत त्याहून रुंद टायरलाही जागा असते. ब्रेक, पुढचा चिमटा आणि पेडलच्या मागचे दांडे या तिन्ही ठिकाणी टायरभोवती निदान चार-पाच मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. एरवी ओल्या रस्त्यावरची खडी टायरला चिकटून तिथे अडकते आणि दांड्याचा रंग, कालांतराने दांडाही खरवडून काढते. छापलेली आणि प्रत्यक्षातली रुंदी यांतही फरक पडतो. रुंद रिमवर चढवलेला २८ चा टायर ३० भरू शकतो. भरीस भर म्हणजे पावसाळ्यात मडगार्डही हवेतच. त्यांच्यावाचून मागच्या चाकाचा गढूळ फवारा पाठीवर आणि पुढच्याचा पायांवर आणि साखळीवर येतो. तेव्हा जागा मर्यादित असेल, तर मडगार्डसह बसेल तो रुंदातला रुंद टायर निवडावा. सायकलमध्ये २५ च्या वर काही बसतच नसेल, तर निराश होऊ नये. चांगल्या रबराचा २५ मिलिमीटरचा टायर ८०-८५ पीएसआयवर चालवला, तर तो शंभरावरच्या त्याच टायरपेक्षा पुष्कळ भरवशाचा वाटेल.

पंक्चरचा विचार पावसाळ्यात वेगळा करावा लागतो. रबर कापताना पात्याला पाणी लावले की ते सहज चिरले जाते, हे पंक्चर काढणारा कोणताही कारागीर सांगेल. ओल्या रस्त्यावर काचेचा तुकडा तेच करतो. शिवाय पाण्याबरोबर वाहत आलेला कचरा रस्त्याच्या डाव्या कडेला, म्हणजे सायकलच्याच वाटेवर साचतो आणि ओल्या टायरला चिकटून दर फेऱ्यागणिक आत रुतत जातो. म्हणून टायरच्या पृष्ठभागाखाली संरक्षक पट्टा असलेले टायर घेणे इष्ट. श्वाल्बे कंपनीच्या ‘मॅरेथॉन प्लस’मध्ये हा पट्टा पाच मिलिमीटर जाड असतो. पंक्चरपासून त्याच्याइतके संरक्षण क्वचितच मिळते, पण २८ मिलिमीटरचा असा टायर सातशे ग्रॅमच्या घरात जातो, तर शर्यतीचा टायर दोन-सव्वादोनशे ग्रॅमचा असतो. हा जडपणा रोज पायांना जाणवतो. काँटिनेंटलच्या ‘फोर सीझन’सारखे टायर मधला मार्ग काढतात : पातळ पण चिवट तंतूंचा पट्टा आणि ओल्यासाठी बेतलेले रबर. त्यांची किंमत मात्र देशी टायरच्या कैकपट असते. कचेरीत वेळेवर पोहोचणे ज्याला अत्यावश्यक आहे त्याने जड टायर घ्यावा. ज्याला आठवड्यातून दोन-तीन वेळाच सायकल काढायची आहे त्याने मधला मार्ग पत्करावा.

हल्ली बिनट्यूबच्या टायरचा बोलबाला आहे. त्यातल्या द्रवामुळे लहान छिद्रे आपोआप बुजतात आणि ट्यूबच नसल्याने ती चिमटण्याचा प्रश्न येत नाही. गुण मोठे आहेत. पण तो द्रव आपल्याकडच्या उष्णतेत लवकर सुकतो, काही महिन्यांनी पुन्हा भरावा लागतो आणि मोठी चीर पडली, तर रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याला त्याचे फारसे काही करता येत नाही. काही नव्या रिमांना टायर अडकवणारी आतली कड नसते. अशा रिमवर ७२ पीएसआयच्या वर हवा भरणे धोक्याचे असते. ज्याला स्वतः देखभालीची आवड नाही, त्याने ट्यूबचाच टायर वापरावा आणि बॅगेत एक जादा ट्यूब ठेवावी. भर पावसात ओल्या ट्यूबवर ठिगळ चिकटत नाही. ट्यूब बदलून ठिगळाचे काम घरी करावे.

टायरच्या हातात नसलेले

सर्व काही योग्य निवडल्यावरही वेगाचे गणित बदलत नाही. दहा मीटर त्रिज्येचे वळण ताशी १५ किलोमीटरने घ्यायला घर्षणाचा गुणांक सुमारे ०.१८ लागतो. ताशी २० ला तो ०.३२ आणि ताशी २५ ला ०.४९ होतो. ओल्या पण खरखरीत डांबरावर चांगला टायर ०.५ च्या आसपास गुणांक देतो असे धरले, तर ताशी २५ ला सायकलस्वार अगदी काठावर असतो. त्याच वळणात लोखंडी झाकण किंवा रंगाचा पट्टा आला, की गरजेच्या निम्मीही पकड मिळेलच असे नाही. वेग पाच किलोमीटरने उतरवला, तर मात्र पकडीची गरज एक-तृतीयांशाहून अधिक घटते. कोणत्याही दोन टायरांमधला फरक एवढा मोठा नसतो. झाकणे, पट्टे आणि रस्त्यातले लोखंडी रूळ ओलांडताना सायकल उभी आणि हँडल सरळ ठेवावे, ब्रेक त्याआधीच लावून मोकळा करावा. रिमला दाबणारा ब्रेक असेल, तर पहिला काही क्षण रिमवरचे पाणी पुसण्यातच जातो, हेही हिशेबात धरावे.

नवा टायर एकच घ्यायचा असेल, तर तो पुढच्या चाकाला लावावा. मागचे चाक घसरले तर तोल पुष्कळदा सावरता येतो, पुढचे घसरले तर सहसा नाही. मागचा टायर अधिक झिजतो म्हणून नवा टायर मागे टाकण्याचा प्रघात आहे. त्याऐवजी पुढचा टायर मागे न्यावा आणि नवा पुढे बसवावा. कोऱ्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश असतो. त्यामुळे पहिले काही किलोमीटर तो निसरडा लागतो. साबणाच्या पाण्याने पुसून, शक्यतो कोरड्या दिवशी थोडा चालवून मगच त्याला पावसात न्यावे. मधला भाग सपाट झाला असेल, आतले धागे डोकावू लागले असतील किंवा कडेला भेगा पडल्या असतील, तर जुना टायर बाद समजावा. वर्षभर गच्चीत उन्हात पडलेल्या सायकलचे रबर न वापरताही कडक झालेले असते. पावसाळ्यात घरी आल्यावर चाक हाताने सावकाश फिरवून टायर ओल्या फडक्याने पुसावा आणि रबरात रुतलेले काचेचे कण टाचणीने काढून टाकावेत. सकाळी पंक्चर होऊ घातलेली काच बहुधा आदल्या संध्याकाळीच तिथे रुतून बसलेली असते.